साडेनऊची बंदी: ईरी काउंटीचं डिसेंबर २०२२ चं हिमवादळ

शुक्रवार, २३ डिसेंबर २०२२. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या ईरी काउंटीने सकाळी साडेनऊपासून रस्त्यावर गाडी आणायला बंदी केली. ही बंदी जाहीर होणं आणि लागू होणं यांत तासाभराचंही अंतर नव्हतं. सकाळच्या पाळीची माणसं तोवर कामावर पोचली होती, काही वाटेत होती, आणि नाताळच्या आधीचा शेवटचा कामाचा दिवस म्हणून कितीतरी जण किराणा भरायला बाहेर पडले होते. त्या वादळात बफेलो आणि आसपासच्या भागात ४७ जण दगावले. त्यांतले ३१ एकट्या बफेलो शहरातले.

एवढी माणसं गेली म्हटल्यावर पहिला संशय हवामान खात्यावर येतो. इथे त्याला काहीच आधार नाही. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या बफेलो कार्यालयाने मंगळवारीच, म्हणजे तीन दिवस आधी, एका पिढीत एखाद्याच वेळी येतं असं हे वादळ असेल, अशा शब्दांत इशारा दिला होता. अंदाज बरोबर आला. बर्फ उपसायची यंत्रं होती, हिवाळ्याचा अनुभव पिढ्यानपिढ्यांचा होता. तरीही लोकांना घरात थांबवणारा हुकूम वादळ दारात आल्यावर निघाला. हे असं का झालं, आणि त्याची किंमत कुणी मोजली, हेच या प्रकरणात पाहायचं आहे.

रस्ता कुणाच्या अखत्यारीत

ईरी काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं एकक, पण तिचा प्रमुख सरकारने नेमलेला अधिकारी नसतो. काउंटी एक्झिक्युटिव्ह लोकांनी निवडून दिलेला असतो. २०१२ पासून हे पद मार्क पोलनकार्झ यांच्याकडे होतं. लोकवस्ती साडेनऊ लाखांच्या आसपास. काउंटीच्या पोटात तीन शहरं (बफेलो, लॅकावाना, टोनावांडा), पंचवीस टाऊन आणि कितीतरी लहान व्हिलेज. आरोग्य खातं, शवचिकित्सा, शेरीफ, गरजूंच्या मदतीचं समाजसेवा खातं आणि आपत्कालीन सेवांचा समन्वय काउंटीकडे. बफेलोच्या गल्ल्यांमधला बर्फ मात्र शहराने काढायचा, शहराचे महापौर तेव्हा बायरन ब्राउन. राज्य महामार्ग राज्याच्या परिवहन खात्याचे, टोलचा मोठा थ्रूवे त्याच्या स्वतंत्र प्राधिकरणाचा, आणि घरासमोरचा पदपथ घरमालकाचा. एका माणसाला घरून निघून कामावर पोचायला पंधरा मिनिटं लागत असतील, तर तेवढ्यात तो तीन-चार मालकांच्या रस्त्यांवरून जातो.

गाडीबंदीचा अधिकार राज्याच्या एक्झिक्युटिव्ह लॉच्या कलम २४ मधून येतो. स्थानिक प्रमुखाने आणीबाणी जाहीर करायची आणि मग वाहतूक, जमाव, बाजार यांवर निर्बंध घालणारे हुकूम काढायचे. हे हुकूम पाच दिवसांनी आपोआप संपतात, हवे असतील तर नव्याने काढावे लागतात. जाणूनबुजून मोडले तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. म्हणजे बंदीला दात आहेत. त्याच्या खालची पायरी म्हणजे ट्रॅव्हल अ‍ॅडव्हायझरी, अर्थात प्रवास टाळा असा सल्ला. त्याला दात नाहीत. या दोन शब्दांमधल्या फरकावर पुढचं सगळं प्रकरण उभं आहे.

पाच आठवडे आधी

ईरी सरोवर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेलं आहे, लांबी ३८० किलोमीटरहून जास्त. बफेलो त्याच्या ईशान्य टोकाला. थंड वारा सरोवराच्या लांबीवरून आला की कोमट पाण्याची वाफ सोबत घेतो आणि किनाऱ्यावर बर्फ म्हणून टाकतो. हा बर्फ बहुतेक वेळा अरुंद पट्ट्यात पडतो. पट्ट्याच्या आत माणूस बुडेल इतका बर्फ आणि गाडीने थोडं पुढे गेलं की ऊन, हा इथला नेहमीचा अनुभव. २०१४ च्या नोव्हेंबरात शहराच्या दक्षिणेच्या टाऊनमध्ये सात फुटांपर्यंत बर्फ पडला तेव्हा थ्रूवेवर गाड्या रात्रभर अडकल्या होत्या. त्यातून काउंटी शिकली होती.

शिकली होती हे २०२२ च्या नोव्हेंबरात दिसलं. १७ नोव्हेंबरला, गुरुवारी, वादळ सुरू व्हायच्या बेतात असतानाच थ्रूवेवर दुपारपासून मालवाहू गाड्या बंद झाल्या आणि रात्री नऊपासून काउंटीची गाडीबंदी लागू झाली. बफेलो बिल्सचा रविवारचा फुटबॉल सामना त्याच गुरुवारी डेट्रॉइटला हलवला गेला. ऑर्चर्ड पार्कमध्ये, जिथे बिल्सचं मैदान आहे, ऐंशी इंचांच्या आसपास बर्फ पडला. बर्फाच्या मापात हे वादळ डिसेंबरच्या वादळापेक्षा कितीतरी मोठं. पण लोक घरात होते, आणि नुसता बर्फ घरात बसलेल्या माणसाला फारसं काही करत नाही.

म्हणून डिसेंबरचा उशीर जास्त बोचतो. तीच काउंटी, तेच अधिकारी, तोच कायदा, मध्ये फक्त पाच आठवडे.

गुरुवारची संध्याकाळ

डिसेंबरचं वादळ वेगळ्या जातीचं होतं. नुसता अरुंद पट्ट्यातला बर्फ नव्हता, खरा धोका वाऱ्याचा आणि थंडीचा होता. अमेरिकी हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे ब्लिझर्ड म्हणजे ताशी ५६ किलोमीटरहून जास्त वारा आणि पाव मैलाहून कमी दृश्यमानता, सलग तीन तास. बफेलोत ही स्थिती ३७ तास टिकली. विमानतळावर पाच दिवसांत ५१.९ इंच बर्फ मोजला गेला, वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले.

पण शुक्रवारी पहाटे खिडकीतून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नव्हतं. पहाटे पाऊस होता, पारा गोठणबिंदूच्या वर होता. थंडीची आघाडी सकाळी पोचली आणि मग काही तासांत तापमान धाडकन उतरलं, पावसाचा बर्फ झाला, समोरचं दिसेनासं झालं. अनुभवी माणूस हवामानाचा अंदाज जितका ऐकतो त्याहून जास्त आभाळाकडे पाहतो. इथे आभाळ शेवटच्या घटकेपर्यंत खोटं बोलत होतं. अशाच वेळी सरकारी हुकुमाची गरज सर्वांत जास्त असते, कारण माणसाचा स्वतःचा अंदाज त्याला बाहेर ढकलत असतो.

गुरुवारी रात्री काउंटीने काय केलं? सल्ला दिला. थ्रूवेवर मालवाहू गाड्यांना शुक्रवारी सकाळी सहापासून बंदी होती. म्हणजे ट्रकवाल्याला आदल्या दिवशीच ठाऊक होतं की सहानंतर चाक हलवायचं नाही. शहरातल्या शुश्रूषागृहात सात वाजता हजर व्हायचं असलेल्या मदतनिसाला मात्र साडेनऊपर्यंत असा कुठलाच शब्द मिळाला नाही.

उशिराबद्दल विचारलं तेव्हा पोलनकार्झ यांनी टाळाटाळ केली नाही. अंतिम निर्णय माझा होता, दोष द्यायचा तर मला द्या, असं ते जाहीरपणे म्हणाले. रात्रपाळीच्या लोकांना सकाळी घरी परतता यावं, हा विचार निर्णयामागे होता. विचार माणुसकीचा आहे आणि मी तो हलका मानत नाही. रात्रभर इस्पितळात राबलेल्या परिचारिकेला दारात अडवणं कुणालाच नको असतं.

पण या स्पष्टीकरणात दोन निर्णय एकात मिसळले आहेत. बंदी कधी लागू करायची हा एक, आणि ती कधी सांगायची हा दुसरा. लागू होण्याची वेळ सकाळचीच ठेवली असती, तरी घोषणा गुरुवारी संध्याकाळी सहाच्या बातम्यांत करता आली असती. मग रात्रपाळीचा माणूस वेळेत निघाला असता, सकाळच्या पाळीचा घरीच राहिला असता, दुकानदाराने गुरुवारीच दुकान उघडं ठेवून शुक्रवारची सुट्टी लावली असती, आणि ज्याच्या घरात दूध नव्हतं तो गुरुवारी रात्री जाऊन ते घेऊन आला असता. साडेपंधरा तासांच्या त्या सूचनेला काउंटीचा एक पैसाही लागला नसता. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक हीच, आणि चर्चेत तिच्यापेक्षा प्लाऊंची, म्हणजे बर्फ बाजूला सारणाऱ्या गाड्यांची, संख्या जास्त गाजली याचं मला वाईट वाटतं.

बंदी ऐकतं कोण

गाडीबंदीची सूचना वाहनचालकांसाठी असते असं वाटतं. प्रत्यक्षात ती मालकांसाठी असते. ताशी पगारावर काम करणाऱ्या माणसाला, मग तो गोदामातला असो, हॉटेलातला असो की वृद्धाश्रमातला, सल्ल्याचा काही उपयोग नसतो. प्रवास टाळा, असं काउंटी म्हणाली तरी दुकान उघडं आहे आणि पाळी लावलेली आहे. तो गेला नाही तर त्या दिवसाचा पगार बुडतो, आणि बहुतेक ठिकाणी गैरहजेरीची नोंद होते. नाताळाच्या आठवड्यात ही जोखीम घेणं कुणाला परवडतं? सल्ल्यात निर्णयाचा भार कामगारावर असतो. बंदी आली की तो मालकावर जातो, कारण गुन्हा कर असं नोकराला सांगणं कुठल्याच व्यवस्थापकाला सोपं नसतं. ज्यांना घरून संगणकावर काम करता येतं त्यांच्यासाठी सल्ला आणि बंदी सारखेच. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी त्या दोन शब्दांमध्ये पगार, नोकरी आणि शेवटी जीव आहे.

म्हणून मृत्यूंचे प्रकार पाहताना हे डोक्यात ठेवावं. काही जण गाडीत अडकून गेले, काही उघड्यावर, काही बर्फ उपसताना हृदयविकाराने, काही रुग्णवाहिका पोचू न शकल्याने, आणि काही स्वतःच्या घरात गारठून. रस्त्यात सोडलेल्या प्रत्येक गाडीने पुढच्या प्लाऊची, अग्निशमन गाडीची, रुग्णवाहिकेची वाट अडवली. बचावाला गेलेल्या गाड्याच अडकल्या आणि बचाव करणाऱ्यांना सोडवायला दुसरे पाठवावे लागले. बफेलोच्या अग्निशमन दलाला हाकेला जाताच आलं नाही, असं त्याच्या इतिहासात प्रथमच घडल्याचं अधिकाऱ्यांनी सांगितलं. साडेनऊच्या आधी बाहेर पडलेल्यांची किंमत अशी घरात राहिलेल्यांनीही मोजली.

घरात गारठून, हे आपल्याकडच्या वाचकाला पटकन समजत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. इथली बहुतेक घरं तळघरातल्या फरनेसवर तापतात. फरनेस जळतो गॅसवर, पण गरम हवा खोल्यांत ढकलणारा पंखा आणि पेटवणारी यंत्रणा विजेवर चालते. वीज गेली की गॅस असूनही घर थंड. त्या वादळात काउंटीतल्या वीस हजारांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. उपकेंद्रं बर्फाखाली गाडली गेली होती आणि दुरुस्तीची माणसं तिथवर पोचू शकत नव्हती. शेजारच्या घरी जायचं तर समोरचं दिसत नाही. घरात बसणं सुरक्षित, हा सल्ला वीज असेल तरच खरा असतो.

त्या काळात यंत्रणा जिथे पोचली नाही तिथे माणसं पोचली. बफेलोला लागून असलेल्या चीकटोवागा टाऊनमध्ये एका माणसाने बंद शाळेची खिडकी फोडून अडकलेल्यांना आत घेतलं, दोन डझन माणसं आणि सोबतची कुत्री तिथे तगली, आणि निघताना त्याने माफीची चिठ्ठी ठेवली. पोलिसांनी त्याला गुन्हेगार न मानता त्याचे आभार मानले. बफेलोत एका केशकर्तनालयाच्या मालकाने दुकान रात्रभर उघडं ठेवून परक्यांना उबेला घेतलं. फेसबुकवरच्या एका गटात हजारो लोक एकमेकांना औषधं, इन्सुलिन, बाळाचं दूध, रिकामी खोली मिळवून देत होते. हे सगळं मनापासून कौतुकाचं आहे. पण शाळा ही सरकारी इमारत आहे, आणि ती उघडायला खिडकी फोडावी लागली, ही नोंदही त्याच कौतुकाशेजारी राहायला हवी.

ईस्ट साइड

बफेलोचा ईस्ट साइड हा बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीचा भाग. दशकानुदशकं बँकांनी कर्जं नाकारलेला, जुन्या लाकडी घरांचा, गाडी नसलेल्या कुटुंबांचं प्रमाण मोठं असलेला. १४ मे २०२२ ला याच भागातल्या जेफर्सन अ‍ॅव्हेन्यूवरच्या टॉप्स सुपरमार्केटमध्ये एका वंशद्वेष्ट्याने दहा कृष्णवर्णीयांना गोळ्या घालून मारलं. त्या वस्तीचं ते एकमेव मोठं किराणा दुकान होतं. सात महिन्यांनी हिमवादळ आलं तेव्हा जवळपास दुसरा पर्याय नव्हता, आणि वादळात दुकानं बंद झाली. चार दिवसांचं रेशन आधीच भरून ठेवा, ही सूचना गाडी आणि शिल्लक पैसे असलेल्यांनाच पाळता येते.

वादळ ओसरल्यावर उपनगरांतले रस्ते आधी खुले झाले आणि शहरातल्या निवासी गल्ल्या मागे राहिल्या. २८ डिसेंबरला पोलनकार्झ यांनी जाहीरपणे शहराच्या कामाला लाजिरवाणं म्हटलं, दुसऱ्या दिवशी माफी मागितली. शहराची अडचण अगदीच खोटी नव्हती: अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना गाड्या, आणि इतका बर्फ की प्लाऊने बाजूला सारायला जागा नाही, लोडरने उचलून ट्रकमध्ये भरून न्यायचा. पण लोकांचे मृतदेह सापडत असताना दोन निवडून आलेले प्रमुख कॅमेऱ्यासमोर एकमेकांना बोल लावतात, हे पाहणं ईस्ट साइडच्या माणसाला कसं वाटलं असेल? शहरातली गाडीबंदी उठायला २९ डिसेंबर उजाडला.

महापौरांनी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वॅग्नर संस्थेकडून अभ्यास करून घेतला. तो जून २०२३ मध्ये बाहेर आला. मृत्यूंचा भार गोरेतर रहिवाशांवर लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा जास्त पडला, बंदी उशिरा आली, आणि शहर-काउंटी समन्वय कमी पडला, हे त्यात मांडलं आहे. बफेलोत ब्रह्मदेश, बांगलादेश, सोमालिया, काँगो इथून आलेली हजारो निर्वासित आणि स्थलांतरित कुटुंबं राहतात. इंग्रजीतली सूचना त्यांच्यापर्यंत कशी पोचणार, हा प्रश्न या वादळाने ऐरणीवर आणला. शहराची बफअलर्ट ही संदेशसेवाही अशी, की नाव नोंदवलं तरच फोन वाजतो. ज्याला सर्वांत जास्त गरज त्याचं नाव यादीत असण्याची शक्यता सर्वांत कमी.

जानेवारी २०२४

एक वर्ष आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तशीच वेळ आली. रविवारी, १४ जानेवारीला, ऑर्चर्ड पार्कमध्ये बिल्स आणि स्टीलर्सचा बाद फेरीचा सामना होता. सगळा देश टीव्हीवर पाहणार, हजारो प्रेक्षक गाड्यांनी येणार. अंदाज जोरदार वारा आणि सरोवरी बर्फाचा. गव्हर्नर कॅथी होकल यांनी शनिवारीच सामना सोमवारवर ढकलल्याचं जाहीर केलं आणि काउंटीने शनिवारी रात्री नऊपासून गाडीबंदी लावली. वादळाचा जोर रविवारी होता. लोक तेव्हा घरात होते.

यावर कुरकुर झाली नाही असं नाही. बंदीच्या प्रत्येक तासाला दुकानदाराचं नुकसान होतं, आणि वादळ अंदाजापेक्षा सौम्य निघालं तर उगाच घाबरवलं अशी टीका ठरलेली. निवडून आलेल्या माणसाला ही टीका झोंबते. उशिरा केलेल्या बंदीचे बळी मोजता येतात, लवकर केलेल्या बंदीने वाचलेले मोजता येत नाहीत, त्यामुळे दर वेळी नव्याने धीर गोळा करावा लागतो. २०२४ मध्ये तो केला गेला, आणि त्याचं श्रेय त्याच पोलनकार्झ यांना द्यायला हवं ज्यांनी २०२२ चा दोष स्वतःकडे घेतला होता.

युनिव्हर्सिटी अ‍ॅट बफेलोमध्ये दर वर्षी भारतातून मोठ्या संख्येने विद्यार्थी येतात, त्यांत मराठी मुलं-मुली असतात, आणि त्यांच्यासाठी काही गोष्टी इथेच लिहून ठेवते. काउंटीच्या सूचनेत अ‍ॅडव्हायझरी लिहिलं आहे की बॅन, हे आधी वाचा. बॅन असेल तर तो कुठल्या टाऊनला आणि किती वाजल्यापासून, हे पाहा, कारण तुम्ही राहता त्या टाऊनला, समजा अ‍ॅम्हर्स्टला, तो नसेल आणि काम करता त्या टाऊनला असेल. २११ हा फोन क्रमांक निवारा, अन्न, औषधं यांच्या माहितीसाठी आहे, जीव धोक्यात असेल तर ९११. वाऱ्यासह जाणवणारी थंडी ३२ फॅरनहाइटच्या (शून्य सेल्सिअसच्या) खाली गेली की राज्यात कोड ब्लू लागू होतं, म्हणजे निवाऱ्यात येणाऱ्या कुणालाही परत पाठवायचं नाही. कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांना हीटिंगच्या बिलासाठी हीप नावाची मदत आहे, तिचे अर्ज काउंटीच्या समाजसेवा खात्याकडे जातात. पात्रतेचे नियम अर्जाआधी विचारून घ्या. फरनेसचा धूर बाहेर सोडणारा पाइप अनेक घरांत भिंतीतून निघतो. तो बर्फाने बुजला तर कार्बन मोनॉक्साइड घरात साठतो आणि त्याला वास नसतो, म्हणून तेवढा भाग मोकळा ठेवा. गाडीत अडकलात तर एक्झॉस्टचा पाइप मोकळा आहे याची खात्री करूनच इंजिन चालवा, तेही थोडा थोडा वेळ, आणि गाडी सोडून चालायला लागू नका. शुक्रवारच्या पाळीबद्दल शंका असेल तर व्यवस्थापकाला गुरुवारीच लेखी विचारा.